पडदा सापडला नाही

संगणकाला काहीही झालं तरी तो ते पडद्यावर सांगतो. डिस्क भरली, प्रिंटरमधला कागद संपला, पासवर्ड चुकला, सगळ्याची वर्दी पडद्यावर. पंचाईत होते ती पडद्यालाच काही झालं तर, कारण तीही वर्दी तो पडद्यावरच देतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी लिनक्सशी संसार केला, त्यांना काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत उमटणारं ते वाक्य अजून आठवत असेल: ‘फेटल सर्व्हर एरर: नो स्क्रीन्स फाउंड’. पडदा सापडला नाही! आणि हे लिहिलंय कुठे? पडद्यावर. समोरच्या माणसाने यावर हसावं की रडावं, याचा उल्लेख माहितीपुस्तिकेत नव्हता. वाक्याखाली कर्सर तेवढा लुकलुकत राहायचा, ‘बोला, आता काय करता?’ अशा थाटात.

हे सगळं आता पुन्हा आठवायचं कारण म्हणजे जुन्या संगणकांवर लिनक्स टाकायची साथ परत आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला द्यायचा नेहमीचा पाठिंबा थांबवला, आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांना दारातच उभं करतं. त्यामुळे माळ्यावर निघालेले कितीतरी संगणक जिन्यातूनच मागे फिरले. ‘मामा, लिनक्स टाका, पळायला लागेल,’ असं सांगणारा एक भाचा हल्ली प्रत्येक घरात असतो. भाचा खोटं बोलत नाही. यंत्र खरंच पळायला लागतं. फक्त कुठे पळतंय ते दिसत नाही.

या दुखण्याचा जन्म १९८७ सालचा. त्या वर्षी आयबीएमने आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं: ६४० बाय ४८० ठिपके, रंग १६. त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीमधून एक्स विंडो प्रणालीची अकरावी आवृत्ती बाहेर पडली. लिनक्सवर खिडक्या, माऊसचा बाण वगैरे जे काही दिसतं ते बरीच वर्षं याच एक्सच्या कृपेने दिसत होतं. बारावी आवृत्ती आजतागायत आलेली नाही. १९८७ पासून अकरावीत बसलेल्या या विद्यार्थ्याला घरगुती पीसीवर आणायचं काम १९९२ पासून एक्सफ्री८६ नावाच्या प्रकल्पाने केलं, आणि मग आपल्याकडे मासिकांबरोबर फुकट आलेल्या सीड्यांतून तो घराघरात शिरला.

शिरला तो प्रश्न विचारतच. बसवणी संपत आली की एक प्रोग्राम सुरू व्हायचा आणि मुलाखत घ्यायचा. माऊस कोणता, कीबोर्ड कोणता, इथवर ठीक होतं. मग यायचा मुख्य प्रश्न: तुमच्या मॉनिटरची आडवी सिंक वारंवारता किती किलोहर्ट्झ? उत्तरासाठी पर्यायांची यादी असायची, ३१.५, ३१.५ ते ३५.१, ३१.५ ते ४८.५ अशी. शिवाय एक ताकीद: झेपणार नाही तो आकडा द्याल तर मॉनिटर बिघडू शकतो. म्हणजे तेव्हा मॉनिटर चालेल की नाही हा दुय्यम मुद्दा होता. राहील की नाही हा खरा.

असल्या वेळी घरातली वडीलधारी मंडळी नेमकी खुर्चीमागे येऊन उभी राहतात.

‘काय म्हणतोय?’

‘मॉनिटरची वारंवारता विचारतोय.’

‘मग सांग की.’

‘मला माहीत नाही.’

‘मग त्यालाच विचार.’

‘बाबा, तोच मला विचारतोय.’

उत्तर मॉनिटरसोबत आलेल्या पुस्तिकेत असायचं आणि पुस्तिका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेलेली असायची. मग मॉनिटर उलटा करून मागचं स्टिकर वाचायचं. त्यावर किती व्होल्ट, किती अँपिअर, कुठल्या देशात बनला, आत उच्च दाबाची वीज आहे म्हणून उघडू नका, हे सगळं असे. किलोहर्ट्झ नसत.

वारंवारतेच्या फेरीतून जो सुटला त्याला स्मृतीची फेरी. ग्राफिक्स कार्डावर तेव्हा १ एमबी स्मृती असणं हे खात्यापित्या घरचं लक्षण होतं. १ एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट, आणि पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला त्यातून वाटा द्यायचा. १०२४ बाय ७६८ चा ऐसपैस पडदा हवा तर ठिपक्यामागे एकच बाइट परवडतो, म्हणजे रंग २५६. पासष्ट हजार रंग हवेत तर ठिपक्याला दोन बाइट लागतात आणि पडदा ८०० बाय ६०० वर आणावा लागतो. ९,६०,००० बाइटमध्ये भागतं. एक कोटी सदुसष्ट लाख रंगांची हौस असेल तर ६४० बाय ४८० च्या खोलीत राहा. जागा किंवा रंग, दोन्ही मिळणार नाही. ज्याला प्रोग्राम लिहायचे तो जागा मागे, ज्याला गणपतीचे फोटो बघायचे तो रंग मागे, आणि संगणक घरात एकच. बरं, २५६ रंगांवर तडजोड करावी तर नेटस्केप हा ब्राउझर उघडला रे उघडला की त्यातले बहुतेक रंग एकटाच बळकावायचा. बाकीच्या प्रोग्रामांनी उरलेसुरले रंग अंगावर घेऊन दिवस काढायचे. नेटस्केपवर माऊस नेला की मागचं घड्याळ जांभळं व्हायचं, घड्याळावर नेला की नेटस्केप पोपटी.

पण एक्सच्या खऱ्या भक्ताची परीक्षा व्हायची ती मोडलाइनीत. ही एक ओळ. साध्या व्हीजीएची अशी आहे: २५.१७५, मग ६४०, ६५६, ७५२, ८००, मग ४८०, ४९०, ४९२, ५२५. दिसायला एसटीचं वेळापत्रक, पण तिच्यात पडद्याची सगळी कुंडली असते. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रंगवत जातो. ओळीत दिसणारे ठिपके ६४०, पण झोताला उजव्या टोकाहून पुन्हा डावीकडे यायला वेळ लागतो, तो ठिपक्यांतच मोजून ओळ ८०० ची धरायची. तसंच ४८० ओळी झाल्यावर तळातून वर यायला आणखी ४५ ओळींचा वेळ. पहिला आकडा म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष ठिपके मोजायचे त्याची गती, मेगाहर्ट्झमध्ये. त्याला ८०० ने भागलं की ३१.५ किलोहर्ट्झ येतात, तेच मघाच्या मुलाखतीतले. त्याला ५२५ ने भागलं की ६० हर्ट्झ, जरा कमीच. हिशोब केला तर या झोताचा २७ टक्के वेळ काहीही न रंगवता नुसता जागेवर परत येण्यात जातो. हे कळल्यापासून मी सरकारी कचेरीतल्या चहाच्या सुट्टीबद्दल बोलणं बंद केलं.

गंमत पुढेच आहे. एलसीडी मॉनिटरमध्ये झोत नाही, परत येणारं कुणी नाही, तरी व्हीजीएच्या केबलमधून येणाऱ्या सिग्नलमध्ये त्या परतीच्या प्रवासाचा वेळ अजून काढून ठेवलेला असतो. फार तर तो थोडा कमी करण्याची पद्धत निघाली. बंद करायला कुणी धजावलं नाही.

मोडलाइनीत आकडा चुकला की मॉनिटर बोलायचा. जुने मॉनिटर अक्षरशः आवाज काढायचे, कानाच्या पडद्याला टोचणारी बारीक शिट्टी, मग आतून ‘टक्’, आणि चित्र तिरप्या पट्ट्यांत वाहून जायचं. जरा नंतरचे शहाणे झाले आणि ‘आउट ऑफ रेंज, ६८.७ किलोहर्ट्झ, ८५ हर्ट्झ’ अशी पाटी फिरवू लागले. या सबंध व्यवहारात खरं आणि नेमकं बोलणारा तेवढा तोच. शिट्टी ऐकू आली की हात कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेसवर पडायचे. या तीन कळा एकदम दाबल्या की एक्स जागच्या जागी गतप्राण व्हायचा आणि माणूस काळ्या पडद्यावर सुखरूप परतायचा. पुढे कुणाकुणाचे हात या कळांवर चुकून पडतात आणि न साठवलेलं काम जातं अशी ओरड झाली, आणि २००९ च्या सुमारास ही सोय मुळात बंद ठेवून द्यायची रीत पडली. आग विझवायचं नळकांडं मुलं खेळतात म्हणून कपाटात कुलूपबंद करावं, त्यातला प्रकार.

त्या काळातला एकच आकडा लोकांनी प्रेमाने लक्षात ठेवला: ७९१. यंत्र सुरू होतानाच्या आज्ञेच्या ओळीत ‘व्हीजीए=७९१’ लिहिलं की १०२४ बाय ७६८, पासष्ट हजार रंग. ७९१ च का? तर पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेच्या यादीत या मोडचा क्रमांक षोडशमान पद्धतीत ११७, त्यात लिनक्स स्वतःचे २०० मिळवणार, झाले ३१७, आणि ते दशमानात लिहिले की ७९१. इतकं सरळ आहे. ८०० बाय ६०० ला ७८८. ज्याला क्रमांक आठवत नसेल त्याने ‘व्हीजीए=आस्क’ लिहावं, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच यादी दाखवून विचारायचा आणि तीस सेकंद वाट बघायचा. बरोबर मोड लागला की वरच्या डाव्या कोपऱ्यात लिनक्सचं बोधचिन्ह असलेला टक्स पेंग्विन प्रकटायचा, आणि यंत्रात जितके प्रोसेसर असतील तितके पेंग्विन एका ओळीत. दोन पेंग्विनवाल्याने एका पेंग्विनवाल्याला घरी बोलावून यंत्र उगाचच रीस्टार्ट करून दाखवल्याचं मी पाहिलं आहे. आता ७९१ टाकलं तर लिनक्स सुरू करून देणारा ग्रब सांगतो की ही पद्धत कालबाह्य आहे, पुढच्या वेळी अमुक लिहा.

ड्रायव्हर हा वेगळ्या लेखाचा विषय, आणि तो लेख छापण्याजोगा होईल असं वाटत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एनव्हिडियाबद्दल बोलताना थेट कॅमेऱ्याला मधलं बोट दाखवलं, त्यावरून वाचकांनी अंदाज बांधावा. इंटेलच्या काही चिपांची तऱ्हा निराळी. लॅपटॉपचा पडदा रुंद, पण चिपच्या बायोसमधल्या यादीत त्या मापाचा मोडच नाही. तेव्हा ‘९१५रेझोल्यूशन’ नावाचा एक छोटा प्रोग्राम निघाला. तो यंत्र सुरू होताना बायोसच्या स्मृतीतल्या प्रतीत नको असलेला एक मोड खोडायचा आणि त्या जागी हवा तो लिहायचा. बंद केलं की खाडाखोड पुसली जायची. रोज सकाळी नव्याने.

आताचं लिनक्स प्रश्न विचारत नाही. ते थेट मॉनिटरकडून माहिती घेतं. १९९४ साली व्हेसाने त्यासाठी एडिड नावाचा १२८ बाइटचा मजकूर ठरवून दिला, आणि आपल्या लोकांना तो समजायला काहीच अडचण पडू नये, कारण तो हुबेहूब लग्नाचा बायोडेटा आहे. वर ‘श्री गणेश प्रसन्न’सारखे ठरलेले आठ बाइट, त्याशिवाय कुणी पुढे वाचत नाही. मग घराणं, म्हणजे उत्पादक. जन्मसाल, तेही १९९० पासून मोजलेलं. उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये. आणि शेवटी अपेक्षा: कोणता मोड सर्वात पसंत, आणखी कोणते चालतील. बायोडेटा म्हटला की थापा आल्याच. मिलीमीटरच्या रकान्यात सेंटिमीटरचे आकडे भरणारे, पसंतीचा मोड एक सांगून वागायला भलतेच निघणारे, असे मॉनिटर जगात आहेत, आणि कर्नलच्या आत अशा स्थळांची नावनिशीवार यादी ठेवलेली आहे. वधूवर सूचक मंडळाच्या बाई टेबलाच्या खणात ठेवतात तशी.

पण बायोडेटा पोहोचलाच नाही तर?

आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्राला कुणीतरी एक संगणक आणि मॉनिटर दान केला. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा. लिनक्स बसलं, चाललं, आणि पडद्यावर केंद्राच्या सहलीचा फोटो लावला गेला. फोटोतली सगळी मंडळी रुंदीला एक तृतीयांशाने वाढलेली. एका आजींनी चष्मा पुसून पाहिलं आणि निक्षून सांगितलं, ‘ही मी नव्हे.’ चिटणीस फोटो काढणाऱ्यावर घसरले. फोटो काढणारे म्हणाले, ‘अहो, त्या दिवशी मिसळ तुम्ही खाल्लीत, कॅमेऱ्याने नाही.’

झालं होतं एवढंच की मॉनिटरची माहिती यंत्राला मिळतच नव्हती. अशा वेळी लिनक्स धोका पत्करत नाही. कुणालाही झेपेल असं १०२४ बाय ७६८ धरून चालतं, आणि मॉनिटर ते चार-तीनचं चित्र आपल्या रुंद अंगावर ताणून बसवतो. सेटिंगच्या यादीत १३६६ नव्हतंच. एका काकांनी ‘अक्षरं मोठी दिसतील’ म्हणून सरळ ६४० बाय ४८० निवडलं. अक्षरं मोठी झाली. सेटिंगची खिडकीही मोठी झाली, इतकी की तिचं ‘लागू करा’चं बटण पडद्याच्या तळाखाली गेलं. पडदा मोठा करायचं बटण पडद्यात मावत नाही, ही अवस्था ज्याने भोगली नाही त्याने लिनक्स वापरलं असं मी मानत नाही. यावर उतारा आहे: ऑल्ट दाबून धरावं, खिडकीला कुठेही माऊसने पकडावं आणि वर ओढावं. खिडकी डोकं पडद्याबाहेर काढून पाय दाखवते. काकांना हे इतकं आवडलं की ते नंतर बराच वेळ खिडक्या वरखाली करत बसले होते.

दुसरी खुबी उलट्या दिशेची. नवा मोड निवडला की यंत्र विचारतं, ‘हे ठीक दिसतंय का? ठेवू?’ आणि वीसेक सेकंद वाट बघून, उत्तर आलं नाही तर पूर्वपदावर जातं. पडदा काळा झाला तर हा प्रश्न कुणाला दिसणारच नाही, म्हणून न दिसणं हेच उत्तर धरलेलं आहे. सबंध प्रणालीत पडद्याच्या दुखण्याचा असा विचार केलेली ही एक जागा मला सापडली, आणि ज्याने कुणी ती लिहिली त्याला माझा नमस्कार. विरंगुळा केंद्रात मात्र पडदा काळा झाला की पाच जण पाच कळा दाबतात, त्यातली एक एंटर असते.

मग एक्सरॅंडआर. या आज्ञेने चालू यंत्राला नवा मोड शिकवता येतो: आधी सीव्हीटी नावाच्या प्रोग्रामकडून मोडलाइन काढून घ्यायची, ती नवा मोड म्हणून नोंदवायची, मग पोर्टाला जोडायची, मग लावायची. पोर्टाचं नाव एका ड्रायव्हरमध्ये व्हीजीए१, दुसऱ्यात व्हीजीए-१, तिसऱ्यात व्हीजीए-०. मधली आडवी रेघ विसरलात तर ‘असं कुणी इथे राहत नाही’ म्हणून परत पाठवणी. आणि सीव्हीटीला १३६६ मागा, तो १३६८ देतो. त्याला आठाने भाग जाणाऱ्या रुंदीशिवाय चालत नाही आणि १३६६ ला आठाने भाग जात नाही. १३६६ हा आकडाही काही फार विचाराने आलेला नाही. ७६८ ला सोळा-नऊच्या प्रमाणात रुंदी १३६५ पूर्णांक एक तृतीयांश येते, ती वर ओढून १३६६ केली. एक तृतीयांश ठिपका कुणाला विकता येत नाही.

दोन ठिपक्यांचा फरक पोटात घालून १३६८ लावलं, आजी पूर्ववत झाल्या, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं आणि सगळे पुन्हा सुजलेले. एक्सरॅंडआरने सांगितलेलं रीस्टार्टपर्यंतच टिकतं. कायमचं हवं तर त्या आज्ञा घरच्या फोल्डरमधल्या एक्सप्रोफाइल नावाच्या लपलेल्या फाइलीत लिहून ठेवाव्या लागतात, आणि एक्सऐवजी त्याची जागा घेणारं नवं वेलँड चालत असेल तर त्याला या आज्ञा ऐकूच येत नाहीत; तिथे कर्नलच्या ओळीत ‘व्हिडिओ=’ लिहून वरूनच दबाव आणावा लागतो. हे सगळं मी चिटणीसांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘केबल बदलून पाहिली का?’

चिटणीस टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी केबल काढली, खिडकीशी नेली, भिंग लावलं आणि पिना मोजल्या. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून नवी केबल आली, लावली, आणि एकही आज्ञा न देता १३६६ बाय ७६८ उमटलं. त्यावर काकांनी तक्रार केली की अक्षरं बारीक झाली, आधीचंच बरं होतं. त्यामुळे केंद्रात सध्या सोम-बुध-शुक्र १३६६ आणि मंगळ-गुरु-शनि ८०० बाय ६०० असा ठराव झाला आहे.

तेव्हा जुनं यंत्र घरात असेल तर एक्सरॅंडआरच्या नादी लागण्याआधी केबलचं तोंड उजेडात धरा. व्हीजीएच्या जोडणीला पाच-पाचच्या तीन रांगा, एकूण १५ पिना. मॉनिटरचा बायोडेटा जातो तो बाराव्या आणि पंधराव्या पिनेतून, दोन्ही तिसऱ्या रांगेत. स्वस्त केबलींत नेमक्या त्याच गाळलेल्या असतात. मधल्या रांगेतली नववी पिन मात्र पुष्कळ चांगल्या केबलींतही नसते आणि मॉनिटर चालू असला तर तिच्यावाचून अडत नाही. तिच्यावरून दुकानदाराशी भांडू नका.